डाव्या हाताचा आवाज

जातीच्या बैठकीत तुम्हीच सांगितलं होतं, बौद्ध वस्तीत गेलात तर ओसरीपर्यंत जा, आत बसू नका. वायर जोडली तर चालते, चहा घेतला तर बाटते. तुमचं नाव मी घेत नाही. अख्ख्या सौसराला ते पाठ आहे. पण हुकूम सोडताना एक गोष्ट तुमच्या डोक्यात आली नाही. स्पीकरचा बास दुकानात बसून जमत नाही. ज्या घरात वाजायचं, त्याच घरात बसून तो जमवावा लागतो.

शहाऐंशीचा हिवाळा. गुणवंताच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात इंदू शिरली ती भांडतच. दोन्ही काखांत दोन स्पीकर, कपाळावर घाम, आणि डोळे असे की...

"माह्या बाबाचा डावा हात कुठी गेला?"

गुणवंताच्या हातातली सोल्डरची तापलेली सळई तशीच राहिली. "मी नाही नेला जी," तो म्हणाला. "पाहिजे तं झडती घ्या."

"हसू नका. नत्थूमामानं ह्या पेट्या तुमच्याकडूनच बनवून आणल्या ना?"

पेट्या त्याच्याच. बापाच्या बगीच्यातल्या संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्या. अजून वास येत होता. इंदू पांढुर्ण्याला शाळेत शिवण शिकवायची. पगारातून तिनं टेप घेतला तो बाप मोतीरामसाठी. मोतीराम बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा, आणि डाव्या हाताची घुमणारी धुम हीच त्याची ओळख. पार्टीची कॅसेट भरली, घरी लावली, आणि म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "हे तं डब्बा वाजून राहिला. धुम कुठी हाये? हा माहा हात नाही." तेव्हापासून त्यानं ढोलकी खुंटीवरून काढलीच नव्हती.

गुणवंतानं कॅसेट लावली. दुकानात धुम आली!

"इथं तं येते..." इंदूचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तिनं तसाच धरून ठेवला. छान दिसत होता.

"इथं खोली बारकी, मागं भिंत. बास भिंतीच्या आधारानं उठते. तुमची खोली पाहा लागन."

"मंग या."

"...मी?"

"नाही तं काय, दुकान उचलून नेऊ?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. ती नजर इंदू लहानपणापासून ओळखत होती.

"समजलं," ती म्हणाली. "ओसरीत बास बसते का?"

"नाही बसत."

"मंग ठरवा तुमचं तुमी." आणि स्पीकर काखेत मारून ती गेली. वळून पाहिलंसुद्धा नाही. गुणवंता मात्र ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी पाहत होता.

रविवारी भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, तो आला. खांद्यावर घरच्या कापसाचं बोचकं. ओसरीत चपला काढल्या आणि थेट आत. खाटेवर मोतीराम, पत्र्याच्या ट्रंकेवर स्पीकर.

"ह्याच्यावर ठेवले? पत्रा खडखडते, धुम मरते." त्यानं पेट्या उघडल्या, आत कापूस भरला आणि स्पीकर खाली कोपऱ्यात सरकवले. कॅसेट लावताच खोलीभर नुसतं घुमायला लागलं.

"आता बाबाचा हात नाही, पाय वाजून राहिला," इंदू म्हणाली. मोतीरामही हसला.

"जास्त झाला. तुमी मधात बसा, कान द्या. मी सरकवतो."

"जरासा अलीकडे... अजून... थांबा!"

तो थांबला. तिच्याकडे बघतच राहिला.

"स्पीकरले म्हटलं मी. तुमाले नाही."

"अन् मी बी थांबलो तं?"

इंदूनं पदराशी चाळा केला. तेवढ्यात ढोलकी आली. घुमणं नाही, खडखड नाही, भरलेली गोल धुम... मोतीरामची डावी बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. "हाच," तो पुटपुटला. "हाच माहा हात."

आणि बाहेरून हाक आली. गुणवंताचा बाप भगवंतराव रस्त्यावर उभा होता. तुमचाच हुकूम, फक्त तोंड त्याचं.

"गुणवंता! नीघ बाहेर! आज आत राहिला तं घरी येऊ नको."

त्या आवाजाला उठायची गुणवंताच्या पायांना सवय होती. पण पाय उठले नाहीत.

"बास बसवून राहिलो, बापूजी."

"किती वेळ लागते?"

त्यानं इंदूकडे पाहिलं. तिनं खाली बघितलं नाही.

"जन्म जाईन," तो म्हणाला.

खोलीत धुम वाजत होती. इंदूच्या छातीत दुसरी. ती उठली, खुंटीवरची ढोलकी काढून बापाच्या मांडीवर ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिली. मागे मोतीरामनं थाप टाकली, डाव्या हाताची.

"काकाजी, उन्हात काऊन उभे? तुमच्या संत्र्याच्या पेट्या आत हायेत. तुमच्या वावरातला कापूस आत हाये. तुमचा पोरगा आत हाये, अन् मी त्याले जा म्हणणार नाही. चहा टाकला हाये. तुमीच तेवढे बाहेर राहिले. येता का नाही? मान नका हलवू, रस्त्याकडे नका पाहू... तोंडानं सांगा!"