लाल दोऱ्याचं बटण

टेलरमास्तरांनी लेकीला बजावून सांगितलं होतं की आपण दोन वाक्यांत मोकळे होणार. तिसरं वाक्य नाही, डोळ्यांत पाणी नाही, नाक ओढणं तर नाहीच नाही. "सगळा जन्म लोकांची पोटं मोजली मी," ते म्हणाले, "एकालाही वाईट वाटू दिलं नाही. माझ्या जिभेची काळजी तू करू नकोस."

लेकीचं म्हणणं होतं, बाबा, सरळ फोन करा. पण जुन्या गावातल्या जुन्या दोस्तांना असलं फोनवर सांगायचं म्हणजे माप न घेताच कोट शिवायचा, हे मास्तरांना पटत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको वारली होती, आणि ज्या गावात दोघांनी मिळून दुकान चालवलं, त्या गावात अजून कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

वाक्यं तयार होती. "ती आता नाही. गेल्या हिवाळ्यात वारली, फारसा त्रास झाला नाही." दुसऱ्या वाक्याचा शेवट खोटा होता, पण मापात बसत होता. मास्तरांनी आरशासमोर सराव केला, कापडाच्या पुतळ्यासमोर केला, मशीनच्या पायडलवर ताल धरून केला. इतका केला की समोरचा गप्प राहून तोंडाकडे बघायला लागला की वाक्यं आपोआप बाहेर पडायला लागली. एक गिऱ्हाईक पॅन्ट कधी मिळेल असं विचारून उत्तराची वाट बघत उभं राहिलं, त्याला ती ऐकवली. ते गिऱ्हाईक अजून पॅन्ट न्यायला आलेलं नाही.

बसमध्येही तेच झालं. शेजारच्या जाड्या गृहस्थांनी कुठे निघालात म्हणून विचारलं आणि मास्तरांनी दोन्ही वाक्यं बिनचूक म्हटली. गृहस्थ हमसून हमसून रडायला लागले. त्यांना पाणी दे, रुमाल दे, पाठीवरून हात फिरव, या गडबडीत मास्तरांचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून उलटं चालत यावं लागलं. रुमालही गृहस्थांबरोबर गेला.

पहिलं घर, म्हणजे दुकान, टकल्याचं. टकल्या गावातला सगळ्यात जुना सलूनवाला. स्वतःच्या डोक्यावर नावाला केस नाही, पण दुसऱ्यांच्या केसांना नावं ठेवण्यात पटाईत. मास्तर दारात दिसताच त्याने त्यांना खुर्चीत ढकललं, गळ्याभोवती कापड आवळलं आणि तोंडाला फेस फासला. मास्तर पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडणार, तोच ब्रश ओठांवरून गेला.

"तुझ्या टाळूवरच्या भोवऱ्याची गोगलगाय अजून तशीच," टकल्या म्हणाला. "वहिनी आत्ता येऊन गेली की. दारात गाठ नाही पडली?"

मास्तरांच्या तोंडात फेस गेला. टकल्याचे विनोद टुकार असत हे खरं, पण असले नसत. तो वस्तरा चालवत बोलत राहिला. वहिनीने म्हणे त्याला तो सुकला म्हणून झापलं, पंख्यावरची धूळ दाखवली आणि त्याच्या पांढऱ्या डगल्याचं बटण लोंबत होतं ते उभ्या उभ्या लावून दिलं.

"हे बघ," म्हणून त्याने डगल्याचं टोक मास्तरांच्या नाकासमोर धरलं.

सगळी बटणं पांढऱ्या दोऱ्याची होती. खालचं, शेवटचं, लाल दोऱ्याचं.

या लाल दोऱ्यावरून मास्तरांचा अर्धा संसार भांडणात गेला होता. कापायचं आणि मशीनचं काम त्यांचं, काजं-बटणं बायकोची. बाई डावखुरी. कपडा कसलाही असो, कोणाचाही असो, शेवटचं बटण ती लाल दोऱ्यानेच लावायची. गिऱ्हाइकं तक्रार करायची, मास्तर डोकं आपटायचे. ती म्हणायची, "शर्ट तुमचा, शेवटचं बटण माझं." आणि दोरा कात्रीने कधी कापायची नाही, दाताने तोडायची.

मास्तरांनी ते बटण बोटांत धरलं. दोऱ्याचे वेढे उजवीकडून डावीकडे गेलेले. टोक कापलेलं नव्हतं, चावून तोडलेलं होतं. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. टोक अजून ओलं होतं.

ते खुर्चीतून उठले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. टकल्या मागून म्हणत होता की अरे निदान दुसरी बाजू तरी होऊ दे, पण मास्तर गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर आले होते.

रस्ता तोच होता. बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास येत होता, चपलांच्या दुकानातला रेडिओ खरखरत होता. बेकरीवाल्या बाईंनी या अर्ध्या दाढीकडे एकदा पाहिलं आणि काही विशेष नसल्यासारखं सांगितलं, "वहिनी आत्ताच पाव घेऊन पुढे गेल्या. करपलेल्या कडेचा मागून घेतला, तुम्हाला आवडतो म्हणून. भरभर गेलात तर गाठाल."

मास्तर धावले. या वयात ज्याला धावणं म्हणतात तसे. धावताना त्यांना इस्पितळातलं चहाचं यंत्र आठवत होतं. तिने जरा थांबा म्हटलं होतं, आणि ते आत्ता येतो म्हणून चहा आणायला खाली गेले होते. यंत्राने नाणं गिळलं, चहा दिला नाही. मास्तरांनी त्या यंत्राशी भांडण काढलं, त्याला लाथ घातली, पहारेकऱ्याला बोलावलं आणि शेवटी भांडण जिंकून भरलेला कप घेऊन वर आले. वर चादर ओढून झालेली होती. चहा गरम होता.

कोपऱ्यावर बुटाचा तळवा सुटला. तो वहाणेसारखा फटफट वाजवत ते आपल्या जुन्या दुकानापाशी पोचले, तेव्हा वरच्या मजल्यावरचं दार नुकतंच बंद झाल्याचा आवाज आला.

वर मुका आणि ताई राहायचे. ताई म्हणजे बायकोची जिवाभावाची मैत्रीण. मुका म्हणजे तिचा नवरा. तो जन्मात कधी गप्प बसला नव्हता म्हणून सगळ्या गावाने मिळून त्याला हे नाव ठेवलं होतं. त्यानेच दार उघडलं, आणि उघडतानाच बोलायला सुरुवात केली. गुडघेदुखी, नळाचं पाणी, जावयाची नवी गाडी, मास्तरांची अर्धी दाढी, सगळं एका दमात. मास्तरांना शब्द घुसवायला सुईच्या नेढ्याएवढी जागा मिळेना.

टेबलावर पाव होता. करपलेल्या कडेचा.

"ती आत आहे," ताई हळूच म्हणाली आणि मधल्या दाराकडे मान वळवली. दार लोटलेलं होतं. "यांचा शर्ट संपवतेय. तोवर कोणी आत यायचं नाही म्हणाली. तुला ठाऊकच आहे तिचं."

आतून आवाज येत होते. खुर्ची सरकल्याचा. बटणांच्या डबीचा. मग थोडं खाकरून, रोज दुकानातून घरी जेवायला आल्यावर जसं ऐकू यायचं तसं:

"आलात का? बसा जरा. शेवटचं बटण राहिलंय."

मास्तर बसले.

दार चार पावलांवर होतं. उठून लोटलं असतं तर उघडलं असतं. पण आजवर घाई केली तेव्हा तेव्हा त्यांची चुकामूक झाली होती, आणि तिने बसा म्हटलं होतं. या वेळी ते बसणार होते. भांडणार नव्हते, चहा आणायला जाणार नव्हते.

मुका बोलत होता. मास्तर गालावरचा वाळलेला फेस खरवडत मनात बेत करत होते. खालचं दुकान रिकामंच दिसतंय. भाड्याने घेऊ. लेकीला कळवू की मुक्काम वाढला. इथे कोणाला काही सांगायचंच नाही. नाही सांगितलं तर कोणाला कसं कळणार? लाल दोरा तर लाल दोरा. सगळीच बटणं लाल लाव म्हणावं.

त्यांना वाटलं आपण हसतोय. फेस ओला झाला होता.

आत दोरा ओढल्याचा बारीक आवाज आला. एक टाका. दुसरा.

आणि मुका गप्प झाला.

तो पहिल्यांदाच गप्प झाला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली, मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मीच बडबडतोय कधीचा. बोल. एवढ्या लांबून काय सांगायला आलास?"

तो तोंडाकडे बघत राहिला.

"ती आता नाही," मास्तर म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात वारली, फारसा त्रास झाला नाही."

दोन वाक्यं. बिनचूक.

आतला आवाज थांबला.

मास्तरांनी तोंडावर हात दाबला. ताईने हंबरडा फोडला नाही, ती फक्त खाली बसली आणि म्हणाली, "अरे, कळवायचंस तरी." मुक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आत आहे म्हणालात तुम्ही," मास्तर म्हणाले.

"कोण रे?" ताईने विचारलं. तिने त्यांचा हात हातात घेतला, जसा आजाऱ्याचा घेतात.

टेबलावर पाव नव्हता.

मास्तरांनी दार लोटलं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर मुक्याचा शर्ट. वरची सगळी बटणं लावलेली. शेवटचं बटण अर्ध्या टाक्यावर, आणि लाल दोऱ्याला लटकलेली सुई अजून हलत होती.

एक टाका पुरला असता. तोही आता मास्तरांनाच घालायला हवा होता. ते शर्टाकडे गेले. बुटाचा सुटलेला तळवा खुर्चीच्या पायात अडकला, शर्ट घसरला, दोरा निसटला आणि बटण घरंगळत कपाटाखाली गेलं.

तिघांनी मिळून कपाट हलवलं. बटण सापडलं नाही.