रिकामी टाकी कुठे पडते

रॉकेटतळाच्या कॅन्टीनमध्ये कोबीचं सारण भरलेला शेवटचा पाव उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक मॉस्कोहून आलेल्या रोदिऑनचा. हा रॉकेटची गणितं करी. दुसरा झिबेकचा. ती नकाशे काढी, आणि तिचा बाप याच कझाक माळावर मेंढ्या राखी.

"अर्धा अर्धा करू…" तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही तीन टप्पेवाले. रिकाम्या टाक्या वाटेत टाकत जाणारे."

"छे! मी एकटप्पेवाला. जे उचललं ते शेवटपर्यंत न्यायचं."

"शुक्र ग्रहापर्यंत? रिकाम्या टाक्यांसकट?" तिने पाव मोडून मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला. "मग यंत्रांना जागा किती उरेल… एवढी?" तिने चिमूट दाखवली.

"तेवढीही नाही. पण कुणाच्या डोक्यावर काही पडत नाही."

"पडू दे की! त्या पत्र्याची बाबा मेंढ्यांसाठी कुंडं करतात. तुमच्या रॉकेटात आमचा तोटाच."

हे भांडण हिवाळाभर पुरलं. भांडता भांडता तिचे हातमोजे त्याच्या खिशात राहू लागले. वरिष्ठांनी तीन टप्पेच मंजूर केले, आणि पहिला टप्पा कुठे पडेल हे काढायचं काम, बहुधा गंमत म्हणून, रोदिऑनला दिलं.

नदीवरचा बर्फ तडकू लागला तेव्हा त्याने विचारलं, "माझ्याशी लग्न… करशील?"

"बाबांना विचार. पण उड्डाण झाल्यावर. तोवर त्यांच्या डोक्यात फक्त पत्रा असतो."

उड्डाणाची तारीख गुपित असे. मेंढपाळांना एवढंच सांगत : दोन दिवस लांब जा. झिबेक रजा काढून आईवडिलांसोबत मावशीकडे गेली. इकडे उड्डाण एक दिवस पुढे ढकललं गेलं. रोदिऑनला ते कळलं. बाहेर बोलायची मनाई होती, तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच झिबेकचा म्हातारा बाप घोड्यावरून परतला, कारण जो आधी पोचेल त्याचा पत्रा.

टाकी रोदिऑनने खूण केली होती तिथेच पडली. अचूकतेबद्दल त्याचं कौतुक झालं. म्हातारा आणि घोडा त्याच खुणेवर सापडले.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी रोदिऑन त्यांच्या तंबूत गेला. बायका रडून थकल्या होत्या.

"मला माहीत होतं, झिबेक. एक निरोप धाडला असता तर…"

"धाडला का नाहीस?"

"नियम होता."

तिने त्याच्यासमोर रिकामी वाटी ठेवली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता हे सांगायला तोंड नाही, तरी सांगतो."

"माझंही आहे," ती म्हणाली, आणि चहाची किटली उचलली. या माळावर पाहुणा हवासा असेल तर वाटी अर्धीच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. काठोकाठ भरली की पाहुण्याने समजून उठायचं.

झिबेकने वाटी काठापर्यंत भरली.

रोदिऑनला इथे सहा वर्षं झाली होती, त्याला समजलं. त्याने वाटी दोन्ही हातांत धरली आणि एकेक घोट घेत राहिला. चहा थंड झाला, त्यावर साय धरली, तरी तो पीतच होता. तिनेही त्याला घाई केली नाही.