घरजावई आज्ञावली

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मृदा तळावर माणसं होती चार. तळ कायमचा बंद करायला पृथ्वीवरून विनायक देशकर आले, तेव्हा पाच झाली. त्यांच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी संगणकानं आकडा दाखवला अकरा.

देशकर मूळचे नागपूरचे. आकडा जुळला नाही तर घास न उतरणाऱ्यांपैकी. त्यांनी सगळ्यांना भोजनकक्षात उभं करून स्वतःसकट मोजलं, मग कोणाचं लक्ष नाहीसं पाहून टेबलाखालीही नजर टाकली, आणि तळाचा अभियंता बर्नार्ड लोपीस याला बाजूला घेतलं. तळावर एकही माणूस नोंदलेला असेल तोवर हवा आणि उष्णता बंद होत नाही, हा सुरक्षेचा नियम होता. अकरा माणसं शिल्लक असताना तळ बंद कसा करायचा?

लोपीस वसईचा. त्यानं घसा साफ केला.

"साहेब, पहिल्याच दिवशी तुम्ही बाहेरून बसवलेल्या सगळ्या आज्ञावल्या पुसायला लावल्यात."

"नियमच आहे. तळ मूळ स्थितीत परत करायचा."

"त्यात माझा दुभाष्या गेला. आता घरजावई मोकळा सुटलाय."

मग त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तळाच्या कार्यप्रणालीबरोबर 'अगत्य' नावाची एक आज्ञावली फुकट आली होती. कोणी मागितली नव्हती. ती लिहिली होती मोठ्या हॉटेलांसाठी. तिनं दारापाशी बसायचं, प्रत्येकाला "आपण येत आहात की जात आहात?" असं विचारायचं, येणाऱ्याची नोंद वाढवून त्याच्यासाठी खोली तापवायची, हवेचा पुरवठा वाढवायचा आणि चहाचं आधण ठेवायचं. जाणाऱ्याची नोंद कमी करायची. शास्त्रीय भाषेत ही पूर्वस्थापित आज्ञावली. तळावर तिला घरजावई म्हणत, कारण घराबरोबर पदरात पडली होती, कामाची नव्हती, आणि निघ म्हणायची सोय नव्हती. काढून टाकली तर पुढच्या अद्यतनाबरोबर परत येई. झोपवून ठेवली तर दारच उघडत नसे, कारण कार्यप्रणाली बनवणाऱ्यांनी दाराची दोरी तिच्याच हाती दिली होती.

"ते ठीक आहे," देशकर म्हणाले. "पण अकरा कसे झाले?"

"तळाची भाषा मराठी आहे, साहेब."

"मग?"

"घराबाहेर पडताना मराठी माणूस काय म्हणतो?"

देशकरांनी क्षणभर विचार केला. "येतो म्हणतो."

"अगत्यला ते खरं वाटतं."

दोन दिवसांत तीन जण कामासाठी बाहेर गेले होते. निघताना प्रत्येक जण येतो म्हणाला, एक माणूस वाढला. परतल्यावर आलो म्हणाला, आणखी एक वाढला. त्या सहा पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्याच तापत होत्या. पाहुण्यांच्या खासगीपणाचा मान म्हणून अगत्य कोणाचा आवाज ओळखून ठेवत नसे, त्यामुळे हा मघाचाच माणूस, हे तिला कळायला मार्ग नव्हता. लोपीसनं तीन वर्षांपूर्वी ध्वनिग्राहक आणि अगत्य यांच्या मध्ये एक छोटी आज्ञावली बसवली होती. दाराच्या आतून ऐकू आलेल्या 'येतो'चा ती गुपचूप 'जातो' करून पुढे देई. तोच दुभाष्या.

देशकरांनी विचारलं, भाषा बदलता येत नाही का. ती एकदाच निवडता येते, लोपीस म्हणाला. उद्घाटनाला समितीनं टाळ्यांच्या गजरात निवडली होती. मग या पाहुण्यांच्या नोंदी हातानं खोडता येतील का? नाही. नाहीतर उद्या कोणी जिवंत माणसाची नोंद खोडून त्याची हवा तोडेल. कोणाची चाहूल लागली नाही, तर साठ दिवसांनी नोंद आपोआप गळून पडे.

साठ दिवस देशकरांपाशी नव्हते. दुभाष्या परत बसवणं नियमात नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी लोपीस सहा वेळा "जातो" म्हणून वायुकवाडात, म्हणजे दोन दारांमधल्या कोठडीत, शिरला आणि सहा वेळा आपत्कालीन खटका ओढून, कोणाला काही न सांगता, आत परतला. दर खेपेला कोठडीत हवा भरायला चाळीस मिनिटं लागत. संध्याकाळी आकडा पाच झाला, तेव्हा त्याच्या तोंडाची चव गेली होती. दिवसातून सहा वेळा जातो म्हणणं वसईतही चांगलं मानत नाहीत.

देशकरांना या साऱ्याची गंमत वाटली. रात्री जेवताना त्यांनी मराठी माणसाच्या भित्रेपणावर छोटंसं भाषणच दिलं. "जातो म्हटल्यानं कोणी मरत नाही, बाप्पा. शब्द आहे तो. उद्या सगळ्यांनी दारात स्पष्ट जातो म्हणायचं आणि निघायचं."

त्यांच्या ताटात भाकरी वाढत होत्या इरावती खोचरे. गडहिंग्लजच्या या कृषिशास्त्रज्ञ बाईंनी चंद्राच्या मातीत ज्वारीच्या आठ पिढ्या काढल्या होत्या. नववी पोटरीत होती. ती त्या मातीत कसलंही खत न घालता उभी राहिलेली पहिली पिढी. कणसं भरायला आणखी चाळीस दिवस लागणार होते. नंतर यांत्रिक हातानं ती खुडली असती, आणि दोन महिन्यांनी सामान न्यायला येणाऱ्या निर्मनुष्य यानातून बियाणं पृथ्वीवर पोहोचलं असतं. उष्णता तुटली तर पीक तासाभरात काचेसारखं कडक होणार होतं. बाईंनी चाळीस दिवस तीनदा लेखी मागितले होते. तीनही अर्जांवर देशकरांनी तारखेवर बोट ठेवलं होतं. आता त्या काही मागत नव्हत्या.

"आणखी अर्धी घ्या," एवढंच म्हणाल्या. "आठव्या पिढीची आहे."

देशकरांनी दीड घेतली.

निघायच्या दिवशी देशकर दाराशी यादी घेऊन उभे राहिले. तळावर नांदुरकर नावाचं भूशास्त्रज्ञ जोडपं होतं. त्यातले नवरोबा खाली बघून जातो म्हणाले. बायको धीट, पण ऐन वेळी तिच्या तोंडून "जाऊन येते" निघालं. अगत्यनं एक वजा केला आणि एक मिळवला. देशकरांनी तिला खटका ओढून परत बोलावलं. चाळीस मिनिटं गेली. दुसऱ्या खेपेला ती डोळे मिटून जाते म्हणाली. लोपीसनं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग शब्द उच्चारला.

खोचरेबाईंनी मात्र घाई केली नाही. त्यांनी भुकटीचं दही विरजून ठेवलं होतं, ते चमचाभर देशकरांच्या तळहातावर घातलं. भाकरीची पुरचुंडी त्यांच्या पिशवीत ठेवली. बोलण्यात काही जास्त-कमी झालं असेल तर मनावर घेऊ नका, म्हणाल्या. देशकर दही चाटता चाटता थोडे ओशाळले. मग बाईंनी शिरस्त्राण चढवलं, दाराकडे वळून खणखणीत आवाजात "जाते" म्हटलं आणि गेल्या. सगळ्यांत शुद्ध उच्चार त्यांचाच होता. देशकरांनी मनात त्यांना शंभर गुण दिले.

तळावर आता एक माणूस उरला. देशकरांनी अंतिम आज्ञा भरली: शेवटची नोंद शून्य होताच सर्व पुरवठा बंद. मग पोशाख चढवून ते दाराशी आले. यान सुटायला बावीस मिनिटं होती.

"आपण येत आहात की जात आहात?" अगत्यनं विचारलं.

त्याच वेळी कानातल्या यंत्रात यानातून खोचरेबाईंचा आवाज आला. घरच्यासारखा, उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईचा.

"बरं देशकर साहेब, या मग."

"हो, येतो," देशकर म्हणाले.

दार उघडलं. ते कोठडीत शिरले. मागून दार लागलं.

"या, या," अगत्य म्हणाली. "आता आपण दोघे आहात. आधण ठेवते."

अंतिम आज्ञा रद्द झाल्याचा दिवा लागला. देशकर त्या दोनच्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांचा हात आपत्कालीन खटक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. चाळीस मिनिटं आणि बावीस मिनिटं, ही वजाबाकी त्यांनी दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

यानात त्यांनी हातातली यादी घडी घालून पिशवीत सारली. नांदुरकर पतिपत्नी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. शेवटी लोपीसनं विचारलं, अहवालात कारण काय लिहू. तांत्रिक, असं देशकर म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतली पुरचुंडी काढली, भाकरीचा तुकडा मोडला आणि चावता चावता, खिडकीकडे बघत विचारलं,

"खोचरेबाई, साठ दिवस ते दोघं तिथं करणार काय?"

"राखण करतील," बाई म्हणाल्या. "जोंधळ्याची."