पोत्याची गाठ

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, पण आमच्या सत्यशीला मामीसमोर हसू नका, एवढंच सांगणं.

जागा, नेवासे तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. भुताटकी म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते...

इथं सगळं भर दुपारी घडलं.

मामीची लेक ज्ञानेश्वरी लग्नाची. पाहुणे बघायला येणार म्हणून मामीनं नगरहून नवा सोफा आणला. मरून मखमलीचा. आणि घरातल्या मांजरीनं, ठमीनं, पहिल्याच दिवशी त्याच्यावर नखं परजली.

मामीनं काय केलं नाही? डांबरगोळ्या ठेवल्या, लिंबाची सालं ठेवली, प्लॅस्टिक गुंडाळलं, चप्पल घेऊन राखण केली. ठमी ढिम्म! गहिनीनाथ मामांनी साधा उपाय सांगितला होता. फळीला पोतं ठोकून सोफ्याशेजारी उभी करू, ती तिकडं नखं घासील. मामांचा ठमीवर भारी जीव. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास तिचा. पण मामी म्हणाली, पाहुण्यांसमोर बैठकीत पोतं? शोभतं का?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मामा रानात गेले होते. सोफ्याच्या पाठीला हातभर चीर दिसली आणि मामीचं डोकं फिरलं.

आपल्याकडं रीत आहे. नकोसं झालेलं मांजर पोत्यात घालायचं, म्हणजे त्याला वाट दिसत नाही. नदीपलीकडं न्यायचं, गाठ सोडायची आणि मागं न बघता निघून यायचं. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही म्हणतात.

मामीनं ठमीला पोत्यात घातलं, सुतळी आवळली, स्कूटीवरून पूल ओलांडला. उसाच्या बांधाला पोतं टेकवलं. गाठीला हात घातला...

आणि मागून हाक आली.

हरिपाठाच्या बायका. मामी माळकरी, भजनात पुढं उभी राहणारी. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात म्यांव म्यांव करणारं पोतं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायानंच तिनं पोतं घाणेरीच्या जाळीत ढकललं आणि हसत सामोरी गेली. एकीला गावापर्यंत स्कूटीवर घ्यावं लागलं.

मागाहून येऊन सोडू, असं ती मनाशी म्हणाली. मग घरात शेव तळायची, लेकीची साडी, पाहुण्यांचे फोन... ती परत गेलीच नाही.

मामांना सांगितलं, ठमी कुठंतरी निघून गेली.

संध्याकाळी मामा वाटी घेऊन दारात उभे राहिले. ठमे, ये गं, ठमे... मामी आत कणीक मळत होती. तिला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पोहे झाले. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं...

खर्र... खर्र...

सोफ्याच्या आतून.

मुलाच्या आईनं पाय वर घेतले. "मांजर हाय का वो घरात?"

"न्हाई," मामी पटकन म्हणाली. "आमच्यात मांजर न्हाईच. कधीच नव्हतं."

आवाज थांबला.

मामांनी तिच्याकडं पाहिलं. 

सोयरीक तिथंच जमली. ज्याच्यासाठी एवढं केलं ते पदरात पडलं, आणि मामीला पेढा गिळवेना.

पाहुणे गेल्यावर मामांनी सोफा उलटा केला. खालचं कापड फाटलं होतं. चिरा आतून बाहेर आलेल्या.

आत कोणी नव्हतं...

नुसते पोत्याचे धागे.

मामी फरशीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. मामा ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "सोडून आली असतीस तरी चाललं असतं. गाठ तेवढी सोडायची हुती गं."

दोघं तसेच पलीकडं गेले. पोतं घाणेरीत होतं. सुतळीची गाठ मामीनं मारली होती तशीच. कुठं भोक नाही, उसवलेलं नाही. मामांनी पोतं उचललं...

हलकं.

मामीनं गाठ सोडली. आत केससुद्धा नव्हता.

मामांनी तेच पोतं फळीला ठोकून सोफ्याशेजारी उभं केलं. लग्न झालं, लेक सासरी गेली. सोफ्याला पुन्हा ओरखडा नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो होतो. दुपारचा चहा चालला होता. लाइट गेली...

खर्र... खर्र...

फळीपाशी कोणी नव्हतं. पोत्याचा एक धागा ताणला गेला, तुटला, खाली पडला. मामा उठले आणि दुधाची वाटी फळीपाशी ठेवून आले. मामीनं मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिचा गळा मोकळा होता. माळेचं विचारलं.

"तुटली तवा परत ओवली," ती म्हणाली. "पण गाठ मारवत न्हाई रे."

मी चहा तसाच ठेवून निघालो. पूल ओलांडला. घाणेरीच्या जाळीपाशी काहीतरी खरखरलं...

मी मागं बघितलं नाही. रीतच आहे तशी.