हाकेविना ओ

तपासणीच्या बाईंनी बजावलं होतं, हे कुणाला सांगू नकोस. तरी लिहून सांगते.

त्या दुपारी मी आणि ताई आईबरोबर दवाखान्यात गेलो होतो. आईला कुणी नसताना आवाज ऐकू येतात. गोळ्यांनी कमी होतात, जात नाहीत. हल्ली ताईलाही घरातली बारीकसारीक कुरकुर ऐकू येते. दोघी एकदमच मान वळवतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. मी मध्ये बसलेली असले तरी.

खोलीच्या भिंतींना जाड स्पंज होता. डोक्यावर तारा चिकटवायला लावलेल्या थंड मलमाचा वास येत होता. हेडफोनमध्ये टिक-टिक अशी जोडी पुन्हापुन्हा वाजायची.

"बहुतेकांचा मेंदू पहिल्या टिकला ओ देतो, दुसरीकडे काणाडोळा करतो," बाई म्हणाल्या. "आईचा दोन्हींना देतो. हे मुलींतही उतरतं कधीकधी. आजार नव्हे हं, नुसती खूण."

पडद्यावर ताईची रेघ दोनदा उसळली.

"माझीच लेक!" आईने तिचा हात धरला.

माझी एकदाच उसळली, मग सपाट.

"ही बाबांवर गेलीय," ताई हसली. "ढिम्म!"

माझा नुसता जळफळाट झाला. "पुन्हा करा ना," मी बाईंना म्हणाले.

आई आणि ताई बाहेर जाऊन बसल्या. दिवा मंद करून बाईही बाहेर गेल्या. या वेळी हेडफोनमधून काहीच येईना. मी वाट बघत राहिले... मग बाई आत आल्या.

"अगं, हेडफोनची वायर जोडायचीच राहिली. काही ऐकू आलं तुला?"

"नाही..."

पडद्यावर माझी रेघ उसळत होती. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्यांदा जास्त उंच.

"मग ही ओ... कुणाला देतेय?" बाई पुटपुटल्या, आणि त्यांनी सगळं पुसून टाकलं.

मी ताईलाही सांगितलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी माझ्या एकटीचं होतं.

काल जेवताना दोघींनी मान वळवली. हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला बोलावतोय..." आई हळूच म्हणाली.

"आमच्याशी नुसती बडबड," ताईने तोंड वाकडं केलं, "आणि हिला नावाने हाक!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण माझ्या तोंडून "ओ" निघून गेली होती. ताईचा चेहरा बघून इतकं बरं वाटलं, की घाबरायचंच राहिलं.

ती भीती आता वाटते आहे. दोघी बाहेर गेल्यात, घर गप्प आहे, कुणीही हाक मारलेली नाही, आणि तरी मघापासून माझे पाय आपोआप दाराकडे... हो, आले, एवढं वाक्य