बिनअक्षरांच्या ओढी

मुशिराच्या फॉन्टमध्ये आता फक्त ओढी तपासायच्या राहिल्या होत्या. अरबी अक्षरं दोन वर्षं घासूनपुसून तयार झाली होती. प्रत्येकाची सुरुवातीची, मधली आणि शेवटची रूपं एकमेकांना नीट बिलगत होती. ओळ कडेला भिडवायची तर कैरोतला जुना सुलेखनकार शब्दांमध्ये फटी सोडत नाही. तो एखाद्या अक्षराला धरून, खालच्या अंगाला हलका झोल देत, पुढच्या अक्षरापर्यंत लांबवतो; तीच ओढ. स्वस्तातले फॉन्ट तिथे सरळ पट्टी मारून मोकळे होतात. अशा फॉन्टचा मुशिराला मनस्वी राग होता, आणि तसं ती कुणालाही ऐकवायची.

तिच्या फॉन्टमधलं वळण उस्ताद वगदींच्या हातचं होतं. उस्ताद एकाहत्तर वर्षांचे. बाब अल-खल्क मोहल्ल्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांची कार्यशाळा होती आणि मुशिरा पंधराव्या वर्षापासून तिथे बोरू धरायला शिकली होती. शहरातल्या एका दैनिकाने हा फॉन्ट घेतला होता. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारपासून त्यांची सगळी पानं याच अक्षरात निघणार होती.

रोज सकाळी अकराला उस्तादांचा फोन यायचा. फोन टेबलावर ठेवून ती काम करत राहायची आणि ते बोलत राहायचे. मसुराच्या सुपात जिरं कमी पडलं, खालचा सुतार कसा दिवसभर रेडिओ लावतो, असलं काहीही. एकदा बोलायला लागले की त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

म्हणूनच त्या सोमवारी ते वाक्याच्या मध्येच गप्प झाले तेव्हा तिला चमत्कारिक वाटलं. ती तेव्हा एक रकाना रुंद करून ओढी ताणून बघत होती. तिने रकाना पुन्हा अरुंद केला. तिकडून जोरात श्वास घेतल्याचा आवाज आला आणि उस्तादांनी वाक्य होतं तिथून पुढे सुरू केलं. लाइन खराब असेल, असं ती धरून चालली. मंगळवारी तसंच झालं, एकदा नव्हे, चार वेळा.

बुधवारी दुपारी नगवा आत्यांचा फोन आला. या उस्तादांच्या धाकट्या बहीण, त्यांच्याबरोबर कार्यशाळेच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. आवाज रडवेला होता. भावाला मधूनच श्वास लागतो, म्हणजे लागतो असंही नाही, थांबतोच, असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती स्वच्छ निघाली.

“काल चार ते सहा तर माझा जीव टांगणीला लागला होता, पोरी,” त्या म्हणाल्या. “दोन मिनिटं बरा असायचा, की पुन्हा गप्प. ओठ निळे. असं दोन तास चाललं होतं. मला वाटलं, गेला हा.”

मुशिराने त्यांना धीर दिला, फोन ठेवला आणि उगाचच दैनिकाच्या कलाविभागातल्या ममदूहला फोन लावला. फॉन्टची चाचणी कशी झाली, म्हणून विचारलं. फर्मास झाली, तो म्हणाला, काल चारला बसलो ते सहाला उठलो, बावीस पानं लावून बघितली.

तिने पाणी प्यायलं. हा योगायोग आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली. ती गणित शिकलेली बाई होती, आणि ताईत बांधणाऱ्यांची तिने आयुष्यभर टर उडवली होती.

पण तिला ऑक्टोबरातली ती दुपार आठवत होती.

ओढ काढताना श्वास रोखायचा, ही या धंद्यातली पहिली शिस्त. बोरू अक्षरावर टेकवताना श्वास घ्यायचा, पुढच्या अक्षराला पोचल्यावर सोडायचा. म्हणून ओढ माणसाच्या छातीला झेपेल एवढीच लांब होते. त्या दुपारी मुशिराने उस्तादांकडे नऊ वेगवेगळ्या लांबीच्या ओढी मागितल्या होत्या, नुसत्या, अक्षरांशिवाय. दोन्हीकडची अक्षरं संगणक जोडणारच होता.

उस्तादांनी बोरू खाली ठेवला होता. “सुरुवात नाही, शेवट नाही. मग श्वास घ्यायचा कुठे आणि सोडायचा कुठे?”

“ते मशीनला कळत नाही, उस्ताद.”

“मशीनला कळत नाही म्हणून तुलाही कळू नये? इतकी वर्षं काय शिकवलं मी, कांदे चिरायला?”

पण तिचा शब्द ते कधी मोडत नसत. एकामागून एक नऊ ओढी त्यांनी काढल्या. नवव्या ओढीनंतर ते छातीवर हात ठेवून बराच वेळ बसले होते, आणि तिने मात्र शाई वाळल्याबरोबर कागद उचलून नेले होते.

गुरुवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन कार्यशाळेत गेली. आपल्या डोक्यातलं खूळ खोटं आहे हे तिला बघायचं होतं, बाकी काही नाही. उस्ताद खिडकीपाशी एका दुकानाची पाटी लिहीत होते. ती त्यांच्या पाठीमागे बसली. पडदा त्यांना दिसत नव्हता. दौतीतल्या रेशमाच्या बोळ्यावर बोरू टेकवत ते आत्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते.

तिने मजकुराचा रकाना बोटभर रुंद केला.

उस्ताद थांबले. बोरू पाटीच्या वर तसाच.

तिने रकाना मिटवला. त्यांचे खांदे खाली आले. “...आणि भेंडीत लिंबू पिळायला ती विसरतेच,” ते म्हणाले.

तिने आणखी दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा तेच झालं.

चौथ्यांदा करायचं नव्हतं तिला. पण खूळ खोटं ठरवायला आलेलं माणूस असं अर्ध्यावर उठत नाही. तिने रकाना पूर्ण पानभर ओढला. ओळीओळीत ओढी पसरल्या.

खोली गप्प झाली. खालून सुताराचा रेडिओ ऐकू येत होता.

दहा सेकंद झाले. ती रकाना मिटवायला गेली. पडद्यावरचा बाण हलेना.

तिने पुन्हा ओढून बघितलं. मशीन अडकलं होतं.

उस्तादांच्या मानेवरची शीर फुगली होती. बोरूच्या टोकावरून शाईचा थेंब पाटीवर पडला. त्यांना तो दिसला नाही.

वीस. तिने बटण दाबून धरलं. ओढी पडद्यावर तशाच.

तीस. उस्तादांचा हात टेबलाची कड शोधत होता.

चाळीस सेकंदांनी पडदा काळा झाला, आणि उस्तादांनी असा श्वास घेतला की मुशिराला रडू फुटलं.

ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काही वेळाने ते म्हणाले, “वय झालं, दुसरं काय.” मग जरा थांबून, “हल्ली मधेच कुठेतरी निघतो बघ मी. आणि पोचत नाही.”

जिन्यात उतरून तिने ममदूहला फोन केला. आवृत्ती पुढे ढकला म्हणाली, तर तो हसायलाच लागला. तीस पानं, रोज, आणि शहरभर जाहिराती लागलेल्या. तीस पानं रोज, हे शब्द ऐकून ती जिन्यातच बसली. मग तिने सांगितलं की फाइलीत एक चूक राहिली आहे, उद्या संध्याकाळी नवी पाठवते, जुनी सगळ्या मशीनवरून पुसून टाका.

शुक्रवारी दिवसभर बसून तिने त्या नऊ ओढी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी गणिताने काढलेल्या वक्ररेषा बसवल्या. तिच्या नाहीत, उस्तादांच्या नाहीत, कुणाच्याच हाताच्या नाहीत. ज्यांच्यासाठी कुणी श्वास रोखला नव्हता अशा. मग मूळ प्रती पुसल्या. उस्तादांनी श्वास रोखून काढलेल्या ओढींचे कागद फाडताना तिला आपण काहीतरी फार वाईट करतो आहोत असं वाटलं, तरी तिने ते बारीक फाडले. ममदूहने संध्याकाळी कळवलं की बदल झाला, आणि खरं सांगायचं तर फरक काही कळत नाही.

रविवारी सकाळी तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून दैनिक घेतलं आणि रस्त्यातच उघडलं. पानापानांवर शेकडो ओढी, झोकदार, देखण्या. तिने आत्यांना फोन लावला.

आत्या खुशीत होत्या. शुक्रवार संध्याकाळपासून भाऊ ठणठणीत आहे, म्हणाल्या. एकदाही गप्प नाही. काल सकाळी स्वतः खाली जाऊन घेवड्याची उसळ आणि भाकऱ्या घेऊन आला, आणि दोन जिने चढताना अखंड बडबडत होता, कुठे टेकला नाही. मुशिरा भर रस्त्यात हसली आणि रडलीही. तिने टॅक्सी केली.

कार्यशाळेत उस्ताद टेबलाशी वाकले होते. कागदाला कागद खळीने चिकटवून त्यांनी एक लांबलचक पट्टा केला होता. तो टेबलावरून उतरून जमिनीवर, तिथून दारापर्यंत गेला होता. त्यावर एकच ओढ होती. कुठेही न तुटलेली, कुठेही जाड-बारीक न झालेली. उजव्या टोकाला, जिथून अरबी ओळ सुरू होते, तिथे अक्षर नव्हतं.

“ये, ये,” ते मान वर न करता म्हणाले. “काल दुपारपासून काढतोय. पूर्वी हातभर गेलं की छाती फुटायची माझी. आता बघ, थांबावंच लागत नाही. मी म्हणतो, ही शिस्तच खुळी होती, आयुष्यभर उगाच पाळली. तिथला कोरा कागद घे आणि लाव पुढे. खळ कमी लाव, तुझा हात सढळ आहे.”

तिने कागद लावला. बोरू एका चालीने त्यावर आला.

“जेवण नाही, झोप नाही, पण चेहरा बघ कसा ताजा आहे,” आत्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांनी उकळत्या चहाचा ग्लास भावाच्या हनुवटीखाली टेबलावर ठेवला. पलीकडचा ग्लास मुशिराला देताना त्या काही बोलल्या, तशी त्यांच्या श्वासाने त्याची वाफ विस्कटून तिच्या तोंडावर आली.

तिने उस्तादांच्या स्वेटरकडे पाहिलं. छातीवरच्या बटणांची रांग जागची हलत नव्हती. ते भेंडीबद्दल, सुताराबद्दल, मग पुन्हा ओढीबद्दल सांगत होते, पूर्णविरामाशिवाय. ग्लासातली वाफ त्यांच्या बोलणाऱ्या ओठांसमोरून जराही न विस्कटता सरळ वर जात होती.