शेवटची खुंटी

मास्तर त्या दिवशी रोपवाटिकेत गेले ते कंद आणायला. काम एवढंच होतं. खांद्याला पिशवी आणि गळ्यात नेहमीची टेप. ती काढायचं त्यांच्या कधी लक्षातच राहायचं नाही. जेवतानाही ती ताटात लोंबायची आणि बायको न बोलता उचलून त्यांच्या खांद्यावर टाकायची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. खाली दुकान नि स्वयंपाकघर, वर राहायची खोली, आणि मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या आणि गंजके पत्रे पडून होते. त्या जागेत आता फुलांचा वाफा करायचा होता.

वाफा हवा होता बायकोला. तिच्या फुप्फुसांनी संप पुकारल्यापासून ती करडी शाल पांघरून वरच्या खोलीत खिडकीशी पडून असायची. जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती, त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर ते पत्रेच. एकदा ती म्हणाली, "अहो, मला काहीतरी फुलताना दिसू द्या." आयुष्यभरात तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मास्तर गडबडले आणि त्याच दुपारी पत्रे उचलायला लागले.

बागेचा बेत ठरला तो कातरणांवर. कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं गाठोडं मास्तरांनी तिच्या पांघरुणावर उलटं केलं आणि तिने रंग मांडून पाहिले. कडेला पिवळं पॉपलीन, म्हणजे झेंडू. त्याच्या आत लालभडक, म्हणजे झिनिया. मधोमध पांढरी मलमल, म्हणजे निशिगंध. संध्याकाळी त्याचा वास खिडकीच्या फटींतून वरपर्यंत येईल, असा तिचा हिशेब होता. आणि आकार गोल, बशीसारखा. मास्तरांनी मध्येच एक जांभळा तुकडा घुसवला, तो तिने चिमटीत धरून बाजूला ठेवला. त्यांचं कुठलंही काम तिला पहिल्या फटक्यात पटलं नव्हतं. बाही लावून दाखवली की ती ओढून बघायची आणि म्हणायची, "जरा..." त्या 'जरा'वर दोघांचा सगळा संसार झाला होता. खरं सांगायचं तर मास्तरांचं दुकान चाललं तेही त्या 'जरा'मुळेच.

रोपवाटिकेची मालकीण जाणती बाई होती. उंच झाडं मागे लावा, बुटकी पुढे, म्हणजे सगळी दिसतील, असं तिने समजावून सांगितलं. मास्तर म्हणाले, वरून बघणारीला मागचं काय नि पुढचं काय. बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता तिने स्वतःच्या हाताने निशिगंधाचे टपोरे कंद निवडून दिले.

खुंट्या आणि सुतळी घेऊन मास्तरांनी टेपने मापून अगदी काटेकोर गोल आखला. वर जाऊन विचारलं, तर तिला तो चपटा दिसत होता, कोणी वर बसल्यासारखा. तिरकं वरून बघायचं तर गोल लांबट आखावा लागतो, हे कापड कापणाऱ्याला कसं कळावं? खिडकी गंजून घट्ट बसलेली, ती उघडत नव्हती. ओरडायला तिच्यात दम नव्हता. मग तिनेच युक्ती काढली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं तिचं पितळी अंगुस्तान होतं, ते घालून ती काचेवर वाजवू लागली. एक टक म्हणजे हलवा. दोन टक म्हणजे बरोबर, ठोका.

दुकान बंद केलं की मास्तर मागे यायचे. मावळतीचं ऊन त्या काचेवर असं पडायचं की वर बघून काही दिसत नसे, डोळे मात्र दिपायचे. म्हणून ते वर बघायचेच नाहीत. मान खाली घालून, एका हातात खुंटी आणि दुसऱ्यात दगड धरून ते ऐकत बसायचे. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, "मास्तर, हा वाफा आहे की काही सांडलंय?" मास्तर म्हणाले, "तुमच्या मापाचा नाही तो." वरून टक आला की खुंटी वीतभर सरकायची. टक-टक झालं की दगड खुंटीवर बसायचा आणि मास्तर हसून पुढच्या खुंटीकडे वळायचे.

अशा सगळ्या खुंट्या बसल्या. कुंपणाकडची एकच राहिली. त्या संध्याकाळी वरून एक टक आला, त्यांनी खुंटी सरकवली. पुन्हा एक आला, पुन्हा सरकवली. मग काहीच नाही. मास्तर वाट बघत राहिले. बघ बाई, सावकाश बघ, असं मनात म्हणाले. गुडघे भरून आले तसे थोडे वैतागलेही. ऊन काचेवरून उतरलं, काच काळी पडली, तरी आवाज नाही. शेवटी हातातला दगड तसाच घेऊन ते जिना चढले.

ती खिडकीकडे तोंड करून होती. अंगुस्तान बोटातच होतं.

लेक आली. जे करायचं असतं ते सगळं तिनेच केलं, कारण मास्तरांना काही सुचत नव्हतं. निघताना आईची आठवण म्हणून तिने फक्त ते अंगुस्तान घेतलं आणि एका छोट्या डबीत घालून पर्समध्ये ठेवलं. कुठली वस्तू घेतली हे बापाला सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. इथे एकटे राहू नका, माझ्याकडे चला, म्हणून ती किती विनवत होती. मास्तर म्हणाले, वाफा तेवढा लावून होऊ दे, मग येतो. लेकीला ते पटलं. आईचं राहिलेलं काम आहे, करू दे त्यांना, असं तिला वाटलं, आणि महिनाअखेर न्यायला येते म्हणून ती गेली.

पण मास्तरांच्याने ते होईना. वरच्या खोलीत ते पाऊलही टाकत नव्हते, झोपायचेही खाली दुकानातच. सुतळीचं मोकळं टोक जमिनीवर पडलेलं, खुंटी बाजूला आडवी. पडवीतल्या पोत्यात कंदांना कोंब फुटायला लागले. ग्राहक येऊन बंद दार बघून परत जाऊ लागले. एका संध्याकाळी मास्तर स्वतःवरच चिडले. खुंटी उचलली, कुंपणाशी गेले, अंदाजाने ती जमिनीवर टेकवली आणि दगड उचलला.

वरून आवाज आला. टक.

दगड हातातच राहिला. वारा नव्हता. कुठे पान हलत नव्हतं. आणि कंद अजून पोत्यात असताना निशिगंधाचा वास येत होता, ओल्या मातीवरून सरपटत आल्यासारखा, गार. वर बघावं असं मास्तरांच्या मनात आलं, पण मान वर होईना. वर कोणी असेल याची भीती त्यांना नव्हती. कोणी नसेल, याची होती. त्यांनी खुंटी वीतभर सरकवली.

टक.

त्या रात्री किती तरी दिवसांनी मास्तर पोटभर जेवले.

मग तो नेमच झाला. दिवसभर ते कसेबसे ढकलायचे आणि ऊन कलतं झालं की दाढी करून, स्वच्छ सदरा घालून मागे जाऊन बसायचे. खुंटी कुंपणापर्यंत जायची, परत यायची, डावीकडे, उजवीकडे. दोन टक कधीच झाले नाहीत. मास्तरांना ते नकोच होते. हलक्या आवाजात ते दिवसभराचं काहीबाही सांगायचे, खुंटी सरकवायचे, आणि वरून एक उत्तर यायचं. पोत्यातले कोंब पांढुरके होऊन आता वाकायला लागले होते.

महिनाअखेर लेक आली ती दारातच थबकली. दुकानात मशीनवर धूळ, आणि बाप मात्र लग्नाला निघाल्यासारखा नटलेला. मागे जाऊन तिने रिकामा वाफा पाहिला, कंद पाहिले. चिडली नाही. शेजारी बसून तिने विचारलं, काय झालंय ते मला सांगा.

"तुझ्या आईला अजून पटत नाहीये," मास्तर अगदी हळू म्हणाले. "वाजवते ती... रोज."

लेकीने पर्स जवळ ओढली. मग म्हणाली, "कशाने वाजवते, बाबा?"

"कशाने म्हणजे? अंगुस्तानाने."

तिने पर्समधून डबी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. "ते माझ्याकडे आहे, बाबा. त्या दिवसापासून..."

मास्तर त्या पितळी टोपीकडे बघत राहिले. डोळे भरून आले. लेक उठून आत गेली. तिच्या भांड्यांचा आवाज यायला लागल्यावर, इतक्या दिवसांत केलं नव्हतं ते मास्तरांनी केलं. ते जिना चढून वर गेले.

खोलीत औषधांचा शिळा वास होता आणि त्यावर निशिगंधाचा. गादी गुंडाळून ठेवलेली. ऊन गेलं होतं, पण उजेड अजून पुरता विझला नव्हता. मास्तर खिडकीशी, तिच्या जागेवर उभे राहिले आणि वाफा आखल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच तिथून खाली पाहिलं. जमिनीवरून सांडल्यासारखा दिसणारा तो वाफा इथून बशीसारखा गोल होता. फक्त कुंपणाकडे सुतळी उघडी होती.

तिथे कोणीतरी बसलं होतं.

पाठमोरं, उकिडवं. खांद्यावर करडी शाल. एका हातात खुंटी जमिनीवर टेकवलेली, दुसऱ्या हातात दगड, मान खाली. हलत काही नव्हतं, फक्त शाल वरखाली होत होती, दोन पायऱ्या चढली तरी व्हायची तशी. खालून लेकीच्या भांड्यांचा आवाज अजून येत होता.

मास्तरांच्या अंगावर काटा आला, आणि तो उतरायच्या आतच त्यांना रडू फुटलं. ती ऐकत होती. गार ओल्या मातीत बसून, वरून काही आवाज येतो का म्हणून वाट बघत होती. किती दिवसांपासून बसली होती कोण जाणे. तसं बसणं काय असतं ते या घरात मास्तरांइतकं कोणाला ठाऊक होतं? एक टक केला की ती खुंटी सरकवेल. उद्याही येईल, परवाही येईल. त्यांना तेच हवं होतं, अगदी जिवापासून हवं होतं. त्यांनी बोट उचलून काचेवर आपटलं.

टक.

खालचा हात खुंटी उचलायला वळला. मास्तरांनी पाहिलं, खुंटी सुताइतकीही चुकलेली नव्हती. आयुष्यभर शिलाई उसवून घेतली तिने, पण बरोबर असलेल्या कामाला चूक म्हणायचं त्यांना जमेना. आणि ती धापा टाकत होती.

"बरोबर आहे गं..." ते पुटपुटले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा बोट आपटलं.

खाली दगड खुंटीवर बसल्याचा आवाज झाला. सावकाश, मन लावून ठोकल्याचा. मग अंधारच पडला. मास्तर भिंतीला धरून खाली आले, तेव्हा लेकीने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, मागे काय ठोकत होतात?" मास्तर कंदील घेऊन मागे गेले. खुंटी डोक्यापर्यंत जमिनीत गेली होती आणि सुतळी तिला गाठ मारून बांधलेली होती. गाठ ती बटणाखाली मारायची तशी होती.

सकाळी बापलेकींनी वाफा लावला. लेक एकेक कंद हातात देत होती, मास्तर कोंब वर ठेवून माती ओढत होते. झेंडू आणि झिनियाची रोपं रोपवाटिकेच्या बाईने स्वतः आणून दिली आणि आठवड्यातून दोनदा येऊन पाणी घालीन म्हणाली. मास्तर रडतच काम करत होते, पण त्यांना बरंही वाटत होतं, असं त्यांनी लेकीला सांगितलं. दुपारी लेक डबी उघडून बसलेली त्यांना दिसली. अंगुस्तानाच्या आत ओली माती होती. ती तिने ओढणीच्या टोकाने पुसून काढली. मग डबी मिटून तिने पर्समध्ये ठेवली.

ऊन कलल्यावर ते निघाले. फाटकाशी गाडी उभी होती. घराला कुलूप लागलं, किल्ली लेकीच्या मुठीत. मास्तर म्हणाले, एकदा बघून येतो, आणि मागे गेले. नुकतंच पाणी घातलेल्या मातीचा वास येत होता. शेवटच्या खुंटीपाशी माती थोडी सैल वाटली म्हणून ते उकिडवे बसले आणि तळव्याने ती दाबू लागले.

वरून आवाज आला. टक.

मास्तर तसेच थांबले. घराच्या कोपऱ्याशी लेक उभी होती. तिलाही तो ऐकू आला असावा, कारण तिचा हात पर्सवर घट्ट बसला होता.

"बाबा, चला ना..."

त्यांनी न बघताच हात वर करून तिला थांबवलं. "दुसरा होऊ दे," ते म्हणाले. "करेल ती."

काचेवर ऊन होतं, वर बघून काही दिसलं नसतंच. गाडीवाल्याने हॉर्न दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला, आणि मग गाडी बंद केली. ऊन हळूहळू काचेवरून उतरत गेलं. लेक रडत होती. मास्तरांनी मान खाली घातली, जमिनीवर चाचपून खुंटीचं डोकं शोधलं आणि सुतळीची गाठ सोडायला घेतली.